सकाळी आठचं कॉर्टिसॉल

निघण्याआधी तुमच्याकडून एक गोष्ट काढून घेतली आहे: शरीरातलं कॉर्टिसॉल. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन छोट्या अधिवृक्क ग्रंथी हे संप्रेरक पहाटेपासून रक्तात सोडू लागतात. त्याच्या जोरावर आपण अंथरुणातून उठतो, उभं राहिलं तरी रक्तदाब टिकतो, उपाशीपोटी साखर घसरत नाही, तापाशी झुंजता येतं. या प्रवासात ज्या ज्या साली तुम्ही उतराल, त्या त्या साली ते तुमच्याकडे नसेल. अट एवढीच.

लंडन, १८५५. गाय्ज हॉस्पिटलच्या एका लांबलचक वॉर्डात तुम्ही पलंगावर पडून आहात. उठून बसलात की डोळ्यांपुढे अंधारी येते. शेजारच्या रुग्णाच्या ताटलीचा वास आला तरी मळमळतं. गळ्याची हाडं वर आली आहेत. दुखत मात्र कुठेच नाही, आणि खरी पंचाईत तीच. कुणी विचारलंच तर तुमच्याजवळ सांगण्यासारखं एकच: थकवा. ते तुम्ही महिनोन् महिने सांगताय आणि ऐकणारा मान डोलावून पुढे जातोय.

थॉमस ॲडिसन पुढे जात नाही. तो तुमचा हात उजेडाकडे वळवतो. बोटांच्या पेरांवर, कोपराच्या घडीत, जुन्या व्रणांवर, ओठांच्या आतल्या बाजूला एक काळपट तांबूस झाक आहे. गोऱ्या कातडीवर ती चटकन दिसते. आपल्याकडे तळहाताच्या रेषा निरखाव्या लागतात. याच वर्षी त्याचं छोटेखानी पुस्तक निघालं आहे. त्यात अकरा रुग्ण आहेत आणि त्यांच्या शवविच्छेदनात काय दिसलं याची रंगीत चित्रं. बऱ्याच जणांच्या अधिवृक्क ग्रंथी क्षयाने खाल्लेल्या, काहींच्यात कर्करोग पसरलेला. एकाच्या मात्र नुसत्याच आकसलेल्या. क्षय नाही, गाठ नाही, काहीच नाही. हा रुग्ण लक्षात असू द्या.

ॲडिसनने रोग ओळखला, पण त्याच्याकडे औषध नाही. साधा सर्दीताप आला तरी तुमचं इथलं काम तमाम होईल. तेव्हा लवकर निघा.

जपान, फुकुओका, १९१२. इथे जिना चढू नका, खालीच भिंतीला टेकून बसा. हाकारू हाशिमोतो नावाचा तरुण सर्जन चार बायकांच्या गळ्यातून काढलेल्या थायरॉइडच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघतोय. ग्रंथीत जिकडेतिकडे लिम्फोसाइट, रक्तातल्या संरक्षक पेशी. जंतूंशी लढायचं सोडून या इथे काय करताहेत? त्याचा निबंध जर्मन नियतकालिकात छापून येतो, आणि पुढे हा माणूस इगा या आपल्या गावी परतून आयुष्यभर साधी डॉक्टरकी करतो. शरीर स्वतःवर उलटत नाही, हे त्या काळातल्या मोठमोठ्या लोकांनी जवळजवळ ठरवूनच टाकलेलं होतं. ते खोटं ठरायला १९५६ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी लंडनमध्ये अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, आणि अमेरिकेत बफेलोला सशांमध्ये हा आजार मुद्दाम घडवून दाखवला गेला.

न्यूयॉर्क, २१ ऑक्टोबर १९५४. आता बरं वाटेल, कारण औषध आलं आहे. मेयो क्लिनिकमधल्या केंडॉल आणि हेंच यांनी १९४८ साली संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन देऊन पाहिलं आणि दोनच वर्षांत त्यांना नोबेल मिळालं. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की शरीरात जे बनत नाही ते आता बाहेरून देता येतं. पण एका ऑपरेशन थिएटरबाहेर डॉक्टर चिंतेत उभे आहेत. आत मॅसॅच्युसेट्सचा सदतीस वर्षांचा सिनेटर आहे, पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला. सात वर्षांपूर्वी लंडनमध्ये त्याला ॲडिसनचा आजार असल्याचं निदान झालं होतं. निरोगी माणसाच्या ग्रंथी ऑपरेशनच्या दिवशी किंवा तापात कितीतरी पट कॉर्टिसॉल ओततात. याच्या ग्रंथींना ते जमणार नाही, म्हणून ते सगळं डॉक्टरांनी मोजून द्यायचं आहे. पुढे जखमेत जंतुसंसर्ग होतो, पाद्रीसुद्धा बोलावून होतात, पण रुग्ण वाचतो. पुढच्या वर्षी ही हकिगत सर्जरीच्या एका नियतकालिकात नाव न घालता छापली गेली. सिनेटरचं नाव जॉन केनेडी. ताण आला की डोस वाढवायचा, हा धडा इथून घेऊन चला. पुढे लागणार आहे.

ग्लासगो, १९६२. इथे क्षणभर थांबायला हवं. बावीस वर्षांची एक मुलगी. चौदा महिन्यांपूर्वी तिचं बाळंतपण झालं होतं. अपेंडिक्सचं साधं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ती गेली. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथी आकसलेल्या. तुम्हाला लगेच लंडनचा तो रुग्ण आठवतो. पण घोटाळा मूत्रपिंडांच्या माथ्यावर नव्हता, तो मेंदूच्या तळाशी होता. तिथे वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, म्हणजे पिट्युटरी, असते आणि खालच्या बऱ्याच ग्रंथी तिच्या हुकमावर चालतात. तीच लिम्फोसाइटनी भरून गेली होती. वरून हुकूम येईना, म्हणून खालच्या ग्रंथी रिकाम्या बसून वाळल्या. थायरॉइडमध्ये तर हाशिमोतोने पाहिलेलंच चित्र. गुडी आणि पिंकर्टन या दोघांनी ही एकच केस लिहून ठेवली. पुढची चाळीस वर्षं हा आजार दुर्मीळ म्हणूनच पुस्तकांच्या तळटीपांत राहिला, बहुतकरून बाळंतिणींचा.

आता दुर्मीळ गोष्ट घाऊक कशी झाली, ते बघायला टोरंटोला चला. १९९५. (वाटेत १९२२ चा जानेवारी लागतो. याच शहरात चौदा वर्षांचा लेनर्ड थॉम्प्सन इन्सुलिनची वाट बघत पडला आहे. ११ तारखेची सुई फसली, २३ तारखेची लागू पडली. त्याच्याकडे नीट बघून घ्या, हाडांचा सापळा झाला आहे.) टाक माक यांच्या प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात काही उंदरांची पिल्लं आहेत. त्यांच्यातलं सीटीएलए-४ नावाचं एकच जनुक काढून टाकलं आहे. तीन-चार आठवड्यांत सगळी मरतात. अवयव उघडून पाहावेत तर जिथे तिथे लिम्फोसाइट घुसलेले. बॉस्टनच्या एका प्रयोगशाळेतही त्याच वर्षी हेच दिसलं.

म्हणजे सीटीएलए-४ ही वेसण आहे. संरक्षक पेशीच्या नाकात घातलेली, तिने भलतीकडे शिंगं घुसवू नयेत म्हणून. दुसरी वेसण क्योटोला तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडली होती, तिचं नाव पीडी-१. कर्करोगाचा कावेबाजपणा असा की तो या वेसणीचा दोर स्वतःच्या हातात धरतो आणि पेशीला जागच्या जागी खिळवून ठेवतो. मग वेसण काढली तर? बर्कलीत जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ ला अडवणारं प्रतिपिंड उंदरांना टोचलं आणि गाठी विरघळल्या. तो निबंध १९९६ चा. या दोन घटनांत जेमतेम वर्षाचं अंतर आहे: वेसण नसली तर उंदीर मरतो, वेसण ढिली केली तर कर्करोग मरतो. नोबेलच्या निमित्ताने २०१८ मध्ये दुसरी गोष्ट जगाला कळली. पहिली मात्र फक्त रुग्णांच्या फायलीत राहिली, हे मला नेहमी खटकत आलं आहे.

बेथेस्डा, अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था, २००४. पुन्हा पलंग, आणि पलंगावर पुन्हा तुम्ही. तुम्हाला मेलनोमा, म्हणजे कातडीचा कर्करोग आहे, यकृतापर्यंत पसरलेला. ज्या औषधाला पुढे इपिलिमुमॅब म्हणतील ते तुम्हाला शिरेतून दिलं जातंय. तुमच्या आधी चौदा जणांची एक तुकडी होऊन गेली, तिचा अहवाल २००३ मध्ये आला: तिघांच्या गाठी आक्रसल्या, सहांना गंभीर स्वरूपाची स्वप्रतिकाराची दुखणी झाली. कुणाला आतड्याचा दाह, कुणाला कातडीचा, कुणाला यकृताचा. आणि एकाला पिट्युटरीचा.

तिसऱ्या डोसनंतर तुमचं डोकं दुखायला लागतं. कपाळामागे, कण्हायला लावणारं. मग भूक मेली. मग तो ओळखीचा थकवा आला. तुम्ही घाईने तळहात बघता, हिरड्या बघता. काहीच काळवंडलेलं नाही, उलट तुम्ही फिकट दिसताय. ॲडिसनची खूण इथे उपयोगाची नाही. लंडनमध्ये ग्रंथी मेली होती आणि वरून हुकमांचा मारा चालू होता. कातडी काळी पडते ती या माऱ्याने. इथे हुकूम देणारीच गप्प झाली आहे.

डॉक्टरांना आधी शंका येते ती मेंदूत गाठ पसरल्याची. एमआरआयमध्ये गाठ नाही, फुगलेली पिट्युटरी आहे. रक्तात सोडियम घसरलेलं. आणि सकाळी आठच्या सुमारास, जेव्हा कॉर्टिसॉल दिवसभरातलं सगळ्यात जास्त असायला हवं तेव्हा, ते जवळजवळ शून्य. २००५ मध्ये याच संस्थेने हिशेब मांडला: १६३ रुग्णांत आठ जणांना हे झालं. ग्लासगोला एका मुलीसोबत पुरलं गेलेलं दुखणं एका वॉर्डात आठ वेळा. हीच ग्रंथी का, याचा एक धागा २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना मिळाला: पिट्युटरीच्या काही पेशींवर सीटीएलए-४ मुळातच असतं, त्यामुळे औषध थेट तिथेच जाऊन चिकटतं.

सुरुवातीला डॉक्टर अशा वेळी स्टेरॉइडचे भारी डोस द्यायचे, ग्रंथी वाचेल या आशेने. ती सहसा वाचत नाही. डोकेदुखी असह्य झाली, नजरेवर परिणाम झाला, तर मोठ्या डोसला अर्थ आहे. एरवी जेवढं शरीर बनवत होतं तेवढंच द्यायचं. इथे या दुखण्यांचा वेगळेपणा कळतो. इम्युनोथेरपीमुळे, म्हणजे वेसण काढणाऱ्या या औषधांमुळे, झालेला आतड्याचा किंवा फुप्फुसाचा दाह औषधाने बहुधा शमतो. ग्रंथी मात्र एकदा जळाली की गेली. थायरॉइड किंवा लैंगिक संप्रेरकांचं काम पिट्युटरी कधीकधी पुन्हा सुरू करते; कॉर्टिसॉलचा हुकूम बहुतेकदा परत येत नाही. उलट दिलासाही आहे: गोळीने उणीव भरून निघते, म्हणून कर्करोगाचं औषध सहसा थांबवावं लागत नाही.

२०११ मध्ये इपिलिमुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली, २०१४ मध्ये पीडी-१ रोखणारी निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब आली, आणि फुप्फुस, मूत्रपिंड, तोंड, घसा अशा कितीतरी कर्करोगांत ती वापरली जाऊ लागली. या दुसऱ्या वेसणीला हात लावला की पिट्युटरीपेक्षा थायरॉइड जास्त बिघडतं. आधी काही आठवडे जळणाऱ्या ग्रंथीतला साठा रक्तात सांडतो, छाती धडधडते, हात थरथरतात. मग साठा संपतो आणि माणूस थंड, जड, सुस्त होतो. क्वचित, शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी जणांना, स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशी दिवसांत उडून जातात. साखर एकदम चार-पाचशेवर, श्वासाला फळांसारखा वास, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी मात्र फारशी चढलेली नाही, कारण चढायला वेळच मिळालेला नसतो. लेनर्डचा आजार साठीच्या माणसाला. स्टेरॉइडने हा हटत नाही. इन्सुलिन, तेही जन्मभर.

परळ, टाटा रुग्णालय, हल्लीचं कुठलंही वर्ष. तुम्ही कराडकडचे, तंबाखू तीस वर्षं, तोंडाचा कर्करोग एकदा काढला तरी पुन्हा उलटलेला. तुम्हाला निवोलुमॅब चालू आहे, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, सोबत तीन स्वस्त औषधांच्या गोळ्या. नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४०. तो परवडणारे आपल्याकडे फार थोडे, म्हणून याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १५१ रुग्णांवर कमी डोसची चाचणी केली. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, ही सुई जोडल्यावर ४३.४ टक्के. या आकड्यांमुळे तुम्हाला हे औषध मिळतंय. आणि त्यामुळेच आता प्रश्न फक्त पैसेवाल्यांचा उरलेला नाही. गावोगावच्या दवाखान्यांत हे रुग्ण थकवा घेऊन जाणार आहेत.

"काका, कसं वाटतंय?"

"बरंय. जरा थकवा आहे. पण कॅन्सर म्हटल्यावर एवढं असायचंच."

तुमच्या तोंडून हे वाक्य निघतं आणि तुम्हालाच धक्का बसतो. एवढी सालं फिरून आलात तरी.

मुलगी मध्ये पडते. "जरा नाही, मॅडम. मोरीपर्यंत जाऊन आले तरी आडवे होतात. गावी तपासलं तर थायरॉइड कमी निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, तेव्हापासून तर जास्तच गळालेत."

डॉक्टरचं पेन थांबतं. "कधीपासून घेताहेत?"

"मागच्या सोमवारपासून."

थायरॉइडची गोळी चूक नव्हती, क्रम चुकला. ती शरीराची भट्टी पेटवते आणि उरलंसुरलं कॉर्टिसॉल आणखी झपाट्याने संपवते. दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसॉल द्यायचं, थायरॉइड मागाहून. डॉक्टर तुमचं बीपी झोपवून घेते, मग उभं करून. उभं राहताच तुम्ही टेबल धरता. सकाळी घेतलेल्या रक्तात सोडियम १२१. कॉर्टिसॉलचा रिपोर्ट यायचा आहे, ती त्याच्यासाठी थांबत नाही. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, सोबत सलाइन.

दुपारी रिपोर्ट येतो: १.२. तीनच्या खाली असलं की वादच नाही. पण तोवर तुम्हाला रिपोर्टची गरज उरलेली नाही. चार वाजता तुम्ही मुलीला म्हणता, खाली कॅन्टीनमध्ये बटाटावडा मिळतो का बघ. ती तुमच्याकडे बघतच राहते.

दोन दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर बसवून सांगते, मुलगी फायलीच्या मागे लिहून घेते. सकाळी उठल्या उठल्या १० मिलिग्रॅम, दुपारी ५. रात्री नाही, झोप उडेल. ताप आला तर दोन-तीन दिवस दुप्पट किंवा तिप्पट. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन, आणि तिथे आधी या आजाराचं कार्ड दाखवायचं. दात काढायचा असला तरी सांगायचं. थायरॉइडची गोळी आठवड्याने पुन्हा. तहान फार लागली, रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठावं लागलं, तर त्याच दिवशी साखर तपासायची.

"मॅडम, ही स्टेरॉइडचीच गोळी ना?" तुम्ही विचारता. "शेजारी म्हणत होते, स्टेरॉइडनं हाडं पोकळ होतात. महिनाभर घेऊन बंद केली तर?"

"जास्त घेतलं तर होतात. ही तुमचं शरीर रोज बनवायचं तेवढीच आहे. ही बंद करायची नाही. कोण वैद्य म्हणाला, कोण बाबा म्हणाला, तरी नाही. मेडिकलमध्ये मिळाली नाही तर मला फोन करा, दुसरी लिहून देते. पण एक दिवसही खाडा नको."

"म्हणजे एक बरा करायला आलो आणि दुसरा जन्माला चिकटला."

"चिकटला," ती सरळ म्हणते. "तुम्हाला हे सुई सुरू करतानाच नीट सांगायला हवं होतं. कागदावर सही घेतो आम्ही, पण त्या कागदात चाळीस गोष्टी असतात."

"आणि कॅन्सरची सुई?"

"पुढच्या आठवड्यात. ती चालू राहील. गाठ निम्मी झाली आहे, काका."

मुलगी वही मिटते, पुन्हा उघडते. "मॅडम, आषाढीला बाबांना वारीला जायचंय. बावीस वर्षं चुकली नाही, गेल्याच वर्षी राहिली."

"आधी पुढचा स्कॅन होऊ दे. मग जा. गोळ्या दोन ठिकाणी ठेवायच्या, एक पाकीट तुमच्याकडे, एक दिंडीतल्या कुणाकडे तरी. इंजेक्शन सोबत ठेवा, वाटेत वैद्यकीय पथकं असतात, ती देतील. फार चालणं झालं तर त्या दिवशी एक गोळी जास्त. आणि दिवे घाट गाडीतून."

"दिवे घाटच तर चालायचाय," तुम्ही म्हणता.

"बाबा!"

"मग त्या दिवशी दुपारची गोळी घाटाच्या पायथ्याशी घ्यायची," डॉक्टर म्हणते आणि तेही लिहून घ्यायला सांगते.